विसरलेल्या माणसाच्या ओठावरचे गाणे

(अहमदपूर येथे वर्षावासाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्षावासात धम्मावर बोलावे असा आपला प्रघात आहे. आम्ही मात्र आज एका आजाराबद्दल आणि गाण्याबद्दल बोलणार आहोत. विषय कळताच आमच्यापैकीच काही मंडळी म्हणाली की, हे तर दवाखान्याचे भाषण झाले, विहारात त्याचे काय काम? म्हणून सुरुवातीलाच विनयपिटकातील महावग्गात आलेला एक प्रसंग सांगतो. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. त्याचा इतरांना काही उपयोग नाही म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागत आनंदाला घेऊन तेथे गेले, पाणी मागविले, दोघांनी मिळून त्या भिक्खूला धुऊन काढले आणि उचलून मंचकावर निजविले. मग भिक्खूंना बोलावून सांगितले की, ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने रुग्णाची सेवा करावी. तेव्हा रुग्णाचा विषय हा विहाराबाहेरचा विषय नाही, असे आम्ही धरून चालतो.

आजाराचे इंग्रजी नाव डिमेन्शिया, मराठीत स्मृतिभ्रंश. आपल्या भागात त्याला सरळ म्हातारचळ म्हणतात. म्हातारी एकच गोष्ट दहादा विचारते, भाजीत दोनदा मीठ टाकते, तवा चुलीवर ठेवून अंगणात जाऊन बसते. पन्नास वर्षे ज्या गल्लीत काढली त्या गल्लीत म्हाताऱ्याला घर सापडत नाही. पुढे पुढे मुलाला भाऊ म्हणणे, सुनेला आई म्हणणे, रात्री उठून "मला माझ्या घरी जायचे आहे" म्हणत दार उघडणे सुरू होते. घरचे लोक आधी हसतात, मग चिडतात, मग कोणीतरी बाहेरचे झाले म्हणून अंगारा आणतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही अंगारा येतो, हे आपण एकमेकांत तरी कबूल केले पाहिजे. हा मेंदूचा आजार आहे. जर्मनीतील डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली आपल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील बदल डॉक्टरांच्या सभेत मांडले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत मोठा प्रकार आहे. तो पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही.

आपल्या देशात साठ वर्षांवरील माणसांची एक मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठीच्या पुढील शंभरांपैकी सातांहून थोड्या अधिक माणसांना हा आजार आहे आणि देशात अशी सुमारे ८८ लाख माणसे आहेत. त्यातही पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरापेक्षा खेड्यात आणि शिकलेल्यांपेक्षा शाळा न पाहिलेल्यांत प्रमाण जास्त आढळले. विद्यार्थी मित्रांनी हे वाक्य नीट ऐकावे. खेड्यातली, न शिकलेली, वयस्क स्त्री म्हणजे कोण? आपल्या आज्या. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या अभ्यासगटाने २०२४ साली टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचे धूम्रपान, कमी ऐकू येणे ही कारणे आहेत आणि लहानपणी शिक्षण न मिळणे हेही आहे. ज्यांना शाळेच्या दाराबाहेर ठेवले गेले, त्यांच्या म्हातारपणावरही त्याचा भार पडतो, असा याचा अर्थ निघतो.

आता गाण्याकडे येतो. या आजारात नवी आठवण साठविणारा मेंदूचा भाग बहुधा आधी झिजतो. त्यामुळे सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे लख्ख आठवते. गाणे तर याहूनही खोल असते. गाण्यात शब्द एकटा नसतो. त्याला चाल असते, ताल असतो, यमक असते, शेजारी बसून गाणाऱ्यांचा आवाज असतो आणि ते शेकडो वेळा म्हटलेले असते. भाकरी थापणे किंवा सायकल चालविणे हाताला जसे ठाऊक असते, तसे गाणे गळ्याला ठाऊक असते. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी २०१५ साली असे दाखविले की, फार पूर्वीपासून ऐकलेल्या गाण्यांशी संबंधित मेंदूचे भाग अल्झायमरच्या आजारात इतर भागांच्या मानाने बराच काळ शाबूत राहतात. अमेरिकेतील प्रसिद्ध गायक टोनी बेनेट यांना हा आजार असल्याचे २०१६ साली निश्चित झाले होते. तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, ते न्यूयॉर्कच्या रंगमंचावर उभे राहून आपली गाणी गायले. पुढे २०२३ साली ते वारले. आपल्याकडे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'अस्तु' हा चित्रपट याच आजारावर काढला, त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृतच्या एका विद्वानाची भूमिका केली आहे. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी तो अवश्य पाहावा.

परंतु न्यूयॉर्कचा गायक आणि संस्कृतचा पंडित हे आपले उदाहरण नव्हे. आपले उदाहरण जात्यावर बसलेले आहे.

आपल्या आयाबायांना अक्षर दिले गेले नाही. त्यांनी जे काही सांभाळले ते ओवीत सांभाळले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा साठा एक लाखाच्या वर आहे. त्यात मराठवाड्याचा मोठा वाटा आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांचा आहे. १९९६ साली तेथील भीमनगरात ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत बाबासाहेबांवरच्या, तथागतांवरच्या आणि रमाईवरच्या कितीतरी ओव्या आहेत. कोणत्याही शाळेत न गेलेल्या बायांनी रचलेला तो इतिहास आहे. पुरुषांकडे जलसा होता. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकापासून जलसे घेऊन गावे पालथी घातली. पुढे वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी रचली. दादांना स्वतःला अक्षरओळख मोठेपणी झाली होती. ज्या माणसाला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्याला महाडचा सत्याग्रह, पुणे करार, धम्मदीक्षा हे सारे या गाण्यांतून कळले. आमच्या मते गाणे ही आपल्या समाजाची पहिली शाळा होय, आणि म्हणूनच ते इतके घट्ट बसले आहे.

धम्माच्या बाबतीतही वेगळे काय घडले? तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर काही शतके त्रिपिटक लिहिलेले नव्हते. भिक्खू ते एकत्र बसून, ठराविक चालीने म्हणत असत. सिंहलद्वीपात राजा वट्टगामणीच्या काळी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, ते ताडपत्रावर उतरले. तोवर धम्म कंठात राहिला. पाली भाषेतील 'सति' या शब्दाचा मूळ अर्थ स्मृती असाच आहे, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

येथे एक शंका नेहमी निघते. अष्टशीलात नृत्य-गीत-वादनापासून अलिप्त राहण्याचे शील आहे, मग विहारात गाण्याचा पुरस्कार कसा? ते शील उपासकाने उपोसथाच्या दिवशी स्वतःच्या संयमासाठी घ्यायचे असते. आजारी आईजवळ बसून गुणगुणणारी मुलगी त्या शीलाचा भंग करीत नाही. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख वीणेवर गातो, तेव्हा तंतूंचा स्वर आणि गाण्याचा स्वर एकमेकांत छान मिळाले, अशी दाद तथागत देतात. एवढे पुरे.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय आम्ही निवडला ती सांगतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाजवळ सर्वांत शेवटपर्यंत कोणती गाणी टिकतात? साधारणपणे बालपण सरता सरता आणि ऐन तारुण्यात, म्हणजे दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंत, जी गाणी अंगात भिनलेली असतात ती. आज ज्यांचे वय नव्वदीच्या आसपास आहे, त्यांचा जन्म निजामाच्या राज्यातला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. त्रिशरण, पंचशील, बुद्धवंदना हे त्या लग्न झाल्यावर शिकल्या. त्याआधी त्यांच्या कानांवर काय पडले होते? मरीआईची गाणी, खंडोबाची, विठोबाची, पोतराजाच्या हलगीबरोबरची. आजार वाढत जातो तशी वरची पाने गळतात आणि खालची उघडी पडतात. मग एखाद्या आजी, ज्यांनी आयुष्यभर महिला मंडळात वंदना चालविली, त्या ऐन धम्मचक्र प्रवर्तन दिनी पाहुण्यांसमोर मरीआईचे गाणे म्हणू लागतात.

आमच्या पाहण्यातील एका घरात असेच घडले. मुलगा शिक्षक, चळवळीतला. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "आई, बावीस प्रतिज्ञा विसरलीस का?" असे तो ओरडला. आजी विसरल्याच होत्या, तोच तर आजार होता. त्या दिवसापासून त्या गाण्याला सुरुवात करताच कोणी ना कोणी दटावी. महिन्या-दोन महिन्यांत आजींनी गाणे सोडले, आणि गाण्याबरोबर बोलणेही जवळजवळ सोडले. जेवताना तोंड उघडेनात. त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. ज्या रूढींनी आपल्या पिढ्या जाळल्या त्यांचे गाणे आपल्याच आईच्या तोंडून ऐकणे सोपे नाही. आमच्या मंडळातही यावर वाद झाला. काही ज्येष्ठांचे म्हणणे होते की, अशा गाण्यांना घरात थारा देणे म्हणजे मागच्या दाराने देव आत घेणे होय. आमचे मत स्पष्ट आहे. प्रतिज्ञा शुद्धीवरच्या माणसाने घ्यायची आणि पाळायची असते. आजींनी ती पन्नास-साठ वर्षे पाळली. आता त्या देवाला पुजत नाहीत, त्या आपल्या आईच्या मांडीवर बसलेल्या आहेत. ते गाणे बंद केले तर त्यांच्यापर्यंत जाणारी एकमेव वाट बंद होते.

त्या घरात पुढे नातीने मार्ग काढला. तिने आजीला आधी मुद्दाम जात्यावर बसविले. जाते बिनदाण्याचे, केवळ खुंटा हातात दिला. दोन-चार वेढे झाले आणि आजींच्या तोंडून ओवी आली. पहिली माहेरची, भावाची. नंतरच्या दिवसांत केव्हातरी भीमाची आली. हात फिरला की गळा फिरतो, हे त्या मुलीला कोणत्या पुस्तकात सापडले नव्हते. मग ती ओवीची अर्धी ओळ म्हणून थांबू लागली आणि उरलेली आजी पूर्ण करू लागल्या. आंघोळीला नेताना रोज होणारी ओढाताण कमी झाली, घास घेताना तोंड उघडू लागले. आजींनी नातीला नावाने ओळखले, असे मात्र घडले नाही. गाणे संपले की त्या विचारीत, "तू कुणाची गं?"

हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती पाहून लोकांना वाटते की गाण्याने आजार बरा होतो. तसे नाही. फिनलंडमध्ये ८९ रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारी माणसे अशा जोड्यांवर प्रयोग झाला. त्यातील काहींना दहा आठवडे एकत्र गाण्याचे मार्गदर्शन मिळाले. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णांना त्याचा काही काळ लाभ दिसला, आणि सेवा करणाऱ्यांच्या मनावरचा ताणही हलका झाला. जगभरच्या अशा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी झाली तेव्हा निष्कर्ष याहून सावध निघाला: गाण्याने रुग्णाची उदासी बहुधा कमी होते, पण बुद्धी आणि स्मरण फारसे सुधारत नाही. म्हणजे गाण्याचे काम आजार हटविण्याचे नाही, आजचा दिवस माणसासारखा जाऊ देण्याचे आहे. डॉक्टर हवेतच. रक्तदाब, साखर, कान, डोळे तपासून घ्यावेत. विसरणे कधी कधी थायरॉइडमुळे किंवा जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळेही असते आणि ते उपचाराने सुधारू शकते. लातूर आणि नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, तेथे दाखवावे. घरच्या माणसाचा धीर सुटला तर १४४१६ हा शासनाचा टेलिमानस क्रमांक विनामूल्य आहे.

गाणे कोणते लावावे याचाही विचार हवा. आज जे पासष्ट-सत्तरीत आहेत त्यांची उमेदीची वर्षे नामांतराच्या लढ्यात गेली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात आपली घरे पेटली. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे शहीद पोचिराम कांबळे यांना आपण विसरू शकत नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तोवर सोळा वर्षे ही पिढी मोर्चात गात होती. त्यांच्यापैकी कोणाला हा आजार झाला तर त्यांच्या ओठावर मोर्च्याची गाणी येणार. ती गाऊ द्यावीत. पण ज्यांनी आगीतून पळ काढला आहे, त्यांना तेच गाणे पुन्हा त्या रात्रीत नेऊन सोडू शकते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचे गाणे ऐकून एखाद्या आजोबांना ६ डिसेंबरची बातमी आजच कळल्यासारखे होते आणि ते ऊर बडवून रडतात. रडणे वाईट असते असे नाही. परंतु चेहरा भेदरलेला दिसला, हात थरथरू लागले, तर गाणे बदलावे, पाळण्याचे घ्यावे.

आवाजाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. १४ एप्रिलला आपल्या वस्तीत जो डीजे वाजतो, त्याने आजारी म्हातारी माणसे सैरभैर होतात. मिरवणूक काढू नका असे आम्ही म्हणत नाही. ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घरासमोर चार मिनिटे भिंत बंद ठेवावी, आणि तेवढ्या वेळात पाच-दहा जणांनी साध्या गळ्याने एक भीमगीत म्हणावे. मोबाइलवर कडुबाई खरात यांचे एकतारीवरचे गाणे वयस्क माणसे तल्लीन होऊन ऐकतात, कारण त्यात एक माणूस आणि एक तार एवढेच असते, शब्द कानाला लागतो. तरीही यंत्रापेक्षा घरातला बेसूर गळा बरा. तो समोर बसतो, डोळ्यांत पाहतो, श्वासासाठी थांबतो. यंत्र म्हाताऱ्यासाठी थांबत नाही. गाण्याची वेळ शक्यतो संध्याकाळची ठेवावी, कारण दिवस मावळताना ही माणसे जास्त बेचैन होतात. वंदनाही तेव्हाच घ्यावी. तिच्यात एकाने म्हणायचे आणि सर्वांनी मागून म्हणायचे अशी रीत असल्याने अडखळणाऱ्यालाही आधार मिळतो.

एक अडचण मात्र फार जवळ येऊन ठेपली आहे. रुग्णाला कोणते गाणे ठाऊक होते हे आजार वाढल्यावर त्याच्याकडून कळत नाही. ते आधी कळलेले असावे लागते. पिठाच्या गिरण्या आल्यावर जाती उंबऱ्याबाहेर गेली, ओव्या पुढच्या पिढीला आल्या नाहीत. आज धडधाकट असलेल्या आपल्या आईच्या चार ओव्या येथे बसलेल्या किती जणांना येतात? हात वर करण्याचा आग्रह आम्ही करीत नाही.

म्हणून आपल्या संस्थेने विहारात एक वही ठेवली आहे. महाविद्यालयीन मुलामुलींनी जोडीने रविवारी वस्तीतील साठीपुढील प्रत्येक आजी-आजोबांकडे जावे आणि त्यांच्या दहा गाण्यांची पहिली ओळ, गाणे कोणाकडून शिकले ते, आणि गाताना ते काय काम करीत ते, असे लिहून आणावे. दळताना, खुरपताना, बाळ जोजविताना, मोर्चात, जलशात. मरीआईचे असेल तर तेही लिहावे, गाळू नये. चाल मोबाइलवर भरून घ्यावी, मात्र आधी विचारून. जे आधीच आजारी आहेत त्यांची चित्रफीत काढून गटागटांत पाठवू नये. आपल्या आईचा गोंधळलेला चेहरा लोकांनी अंगठा दाखवून पाहावा असे कोणाला वाटेल? ज्या घरांत रुग्ण आहे त्यांनी नाव वहीत न लिहिता आमच्यापैकी कोणाच्याही कानावर घातले तरी चालेल. दोन मुली आणि एक खंजिरी संध्याकाळी अर्धा तास तुमच्या ओसरीवर येऊन बसतील. चहा ठेवू नका, गाणे सांगा.

वही आज कार्यक्रमानंतर भन्तेजींच्या आसनाशेजारच्या मेजावर उघडी असेल. पेन सोबत आणावे, मागच्या खेपेचे दोन्ही पेन परत आलेले नाहीत.

जय भीम. नमो बुद्धाय.